उपाशी बाळंतीण

ग्रे व्हेल बघायला आम्ही मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातल्या सॅन इग्नासिओ लगूनला, म्हणजे खाडीला, गेलो होतो. सॅन डिएगोहून तिथपर्यंतचा ड्राइव्ह म्हणजे नुसतं वाळवंट, कॅक्टस आणि मिलिटरीचे चेकपोस्ट, त्याबद्दल काही लिहीत नाही. कॅम्पही यथातथाच, प्लायवूडच्या खोल्या आणि रात्रभर वारा. सासूबाई नाशिकहून आलेल्या, पक्क्या शाकाहारी, त्यांनी राजमा आणि टॉर्टियावर दिवस काढले आणि एकदाही कुरकुर केली नाही, कुरकुर मीच केली.

आम्ही मार्चमध्ये गेलो. तोपर्यंत नर, तसंच पिल्लं नसलेल्या माद्या, बहुतेक उत्तरेला निघून गेलेल्या असतात, उरतात त्या आया आणि पिल्लं. होडीवाल्याने इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि गप्प बसला. नियमच आहे, व्हेलच्या मागे जायचं नाही, यायचं तर तीच येईल. आणि आली की! होडीच्या जवळजवळ दुप्पट लांब, पाठीवर बार्नेकलचे (अंगाला चिकटून वाढणारे कवचाचे जीव) पांढरे खवले, बाजूला पिल्लू. पिल्लू म्हणजे जन्मतःच साडेचार मीटर बरं का! त्याने होडीला तोंड लावलं, मी हात टाकला. ओल्या वांग्यासारखी गुळगुळीत, घट्ट कातडी. मग ते फुस्स करून श्वास सोडतं आणि आपण खारट, माशाच्या वासाच्या फवाऱ्यात न्हाऊन निघतो.

पलीकडच्या होडीत नुसता चीत्कार, पाणी थपथपवून पिल्लाला बोलावणं, सेल्फी. मला जाम वैताग आला. सासूबाई मात्र पिल्लाकडे नाही, आईकडे बघत होत्या. "अगं, हिच्या मानेला खड्डा कसा पडलाय?"

नवऱ्याने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. होडीवाल्याने स्वतःच्या मानेवर बोट फिरवून दाखवलं, फ्लाका, म्हणजे बारीक. श्वासाच्या भोकांमागे चरबीचा फुगवटा असायला हवा, तिथे खळगा दिसला की समजायचं, उपासमार.

मग मी जे वाचून गेले होते ते सासूबाईंना सांगत बसले. या व्हेल उन्हाळ्यात अलास्काच्या वर बेरिंग आणि चुकची समुद्रात खातात, एका कुशीवर होऊन तळाचा गाळ शोषून घेतात आणि त्यातले बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खातात. त्या चरबीवर हजारो किलोमीटर खाली यायचं, बाळंत व्हायचं, दूध पाजायचं (निम्म्याहून जास्त फॅट असलेलं!) आणि पुन्हा तेवढंच वर जायचं. या सगळ्यात खाणं जवळपास नाहीच. वर बर्फ कमी झालं, बर्फाखालचं शेवाळ कमी झालं, ते तळाशी पडून ज्यांचं पोट भरायचं ते जीव कमी झाले. 2016 च्या सुमाराला 27,000 व्हेल होत्या, 2025 च्या अंदाजात 13,000 च्या आसपास.

"म्हणजे बाळंतिणीला कोणी काही घालतच नाही खायला?" सासूबाई म्हणाल्या. डिंकाचे लाडू, अळीव, खसखशीची खीर, माझ्या बाळंतपणात त्यांनी अक्षरशः कोंबलं होतं मला, तेव्हा मी किती चिडायचे. त्यांनी हात मागे घेतला आणि पुढे लावलाच नाही. "कशाला तिला अजून त्रास, ती पाजतेय."

कॅम्पवर सगळे एकच गोष्ट सांगतात: एकोणिसाव्या शतकात शिकारी पिल्लांवर भाले टाकायचे, आया होड्या फोडायच्या म्हणून यांना डेव्हिल फिश म्हणत, आणि 1972 मध्ये पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीशी एक व्हेल आली, त्याने तिला हात लावला, तेव्हापासून त्यांनी माणसाला माफ केलं. मला नाही पटत. त्या शिकारीतली एकही व्हेल आज जिवंत नसणार, माफी कोण देणार? पाठ खाजवून घ्यायची असेल, नाहीतर पिल्लाला कुतूहल असेल.

जेवताना सगळे कोणी किती वेळा हात लावला ते मोजत होते. आम्हाला विचारलं तर सासूबाईंनी हसून मान हलवली आणि मला मराठीत म्हणाल्या, "यांना सांग, उन्हाळ्यात तिथे वर बर्फाकडे जाऊन बघा म्हणावं, जेवण आहे का तिचं."