नापास व्हायला पण ऐपत लागते

बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं, परवा एका मुलीने एक प्रश्न विचारला आणि मग राहवेना, म्हणून रात्री बसून टाईप करतेय. थोडं विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

मी संध्याकाळी काही मुलांना गणित शिकवते. फी वगैरे काही नाही, घरी अडलं तर विचारायला कोणी नाही अशी मुलं येतात. त्यातली एक मुलगी खरंच हुशार आहे, म्हणजे मी एक रीत सांगायची आणि तिने त्याच गणिताची दुसरीच रीत काढून दाखवायची, असं नेहमी होतं. तिला म्हटलं, एन्ट्रन्स दे, तुला नक्की जमेल. तर म्हणाली, "ताई, आणि नाही जमलं तर?" मी पटकन बोलून गेले, "मग पुढच्या वर्षी परत दे, त्यात काय." ती काहीच बोलली नाही, वही मिटली आणि गेली.

घरी आल्यावर माझं मला कळलं मी काय बोलले ते. "पुढच्या वर्षी परत" हे वाक्य आमच्या घरात होतं. तिच्या घरात नाहीये. तिच्या मागे दोन लहान भावंडं आहेत आणि ती कधी कमवायला लागते याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेत.

मी स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षी आपटले होते. बाबा म्हणाले, असू दे, एक वर्ष घरी बसून नीट अभ्यास कर. माझ्या बाकावरची मैत्रीण पण त्याच वर्षी एका विषयात राहिली, नेमके तिचे वडील आजारी होते, ती कामाला लागली ती परत आलीच नाही. मार्क बघाल तर आधीच्या सगळ्या वर्षांत तिचेच माझ्यापेक्षा जास्त होते. आज लोक मला म्हणतात तू मेहनतीने वर आलीस, तेव्हा मला दर वेळी ती आठवते. मेहनत मी केली, ते खोटं नाही. पण आपटल्यावर उठायला जे एक वर्ष लागतं ते मला घरातून मिळालं होतं.

लहान मुलं आणि मार्शमेलोचा तो प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्डला केलेला, 1960 च्या दशकाच्या शेवटी वगैरे. मुलासमोर एक गोड गोळी ठेवायची आणि सांगायचं की मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात चांगली निघाली, मग सगळीकडे सुरू झालं की संयम शिकवा, संयम असला की यश. पण 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी 900 च्या वर मुलांची माहिती घेऊन हे परत तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरून गेला.

आणि याच्याही आधीचा एक छोटा प्रयोग आहे, तो मला जास्त लागला. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी फक्त 28 मुलं घेतली. आधी त्यांना झिजलेले क्रेयॉन दिले आणि सांगितलं, जरा थांब, चांगले रंग आणून देते. अर्ध्या मुलांना खरंच आणून दिले. उरलेल्यांना येऊन सांगितलं, सॉरी, नाहीयेत. असंच एकदा स्टिकरच्या बाबतीतही केलं आणि मग ती गोळी समोर ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, आणि ज्यांना दिलेला शब्द मोडला होता ती 3 मिनिटं. मुलं तशीच सगळी, एवढ्याशा वेळात त्यांचा स्वभाव काही बदलला नव्हता. ज्याला सांगितलेलं मिळत नाही तो हातात आहे ते खाऊन टाकणार, आणि त्याच्या जागी तेच शहाणपणाचं आहे. माझी मैत्रीण नोकरीला लागली तेव्हा तिने हेच केलं ना.

मग शाळेने काय होतं? होतं, खूप होतं, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, नाहीतर मी रोज संध्याकाळी तिथे बसले नसते. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1962 ला पेरी प्रीस्कूल नावाचा प्रकल्प सुरू झाला, गरीब घरातली 3-4 वर्षांची 123 मुलं, त्यातल्या 58 जणांना चांगली बालवाडी मिळाली आणि टीचर दर आठवड्याला घरी जाऊन आईलाही भेटायच्या. सुरुवातीला मुलांचा आयक्यू वाढला, पण काही वर्षांत तो फरक पुसला गेला. तिथेच थांबले असते तर प्रकल्प वाया गेला असंच म्हटलं असतं. पण त्या मुलांच्या मागे संशोधक चाळिशीपर्यंत राहिले आणि बालवाडीतली 65 टक्के मुलं हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडलेली, बाकीच्यांत 45. नोकऱ्या जास्त, अटका कमी. मला वाटतं त्या आठवड्याच्या भेटीने घरात कोणीतरी येतं, सांगितलं तसं येतं, एवढी खात्री मिळाली असेल. हे माझं मत आहे, संशोधकांचं नाही.

दुसरं उदाहरण फिनलंडचं. तिथे पूर्वी 10-11 व्या वर्षीच ठरायचं की हे मूल पुढे शिकणार का कामाकडे जाणार. 1972 पासून ते टप्प्याटप्प्याने बदलत सगळ्यांना 16 पर्यंत एकाच प्रकारच्या शाळेत ठेवलं. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब केला तर बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी कमी झालेलं. दहाव्या वर्षी गणितात कच्चं असलेलं मूल चौदाव्या वर्षी पक्कं होतं हो, मी डोळ्यांनी बघते, पण तोपर्यंत दार उघडं पाहिजे ना.

म्हणून पोरांना "स्वप्नं मोठी बघा" सांगणाऱ्या भाषणांचा मला त्रास होतो. स्वप्नं आहेत त्यांच्याकडे, त्या मुलीकडे तर नक्कीच आहे. दुसऱ्या प्रयत्नाचा खर्च कोण करणार, घर वर्षभर कसं चालणार, हे कोणी सांगत नाही. स्कॉलरशिपसुद्धा बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात पास झालेल्यालाच मिळते, एकदा राहिलात की बंद, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच हात काढून घ्यायचा.

काल ती परत आली. मी आधी माफी मागितली, मग आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, नाही जमलं तर काय. कुठला कोर्स काम करता करता होतो, घरी किती द्यावे लागतील, त्यातले किती मी आणि माझ्या दोन मैत्रिणी वर्षभर उचलू शकतो. पान भरलं. आईला दाखवते म्हणून ते पान फाडून घेऊन गेली. फॉर्मची शेवटची तारीख गुरुवार आहे, अजून भरलेला नाही.