झिजलेल्या नाण्यांचे फोटो

आज दिवसभर जुन्या नाण्यांचे फोटो काढत बसलो होतो आणि खरं सांगतो, समोरून फ्लॅश मारला की झिजलेलं नाणं नुसतं सपाट दिसतं पण तोच लाईट बाजूने अगदी तिरपा टाकला की पुसट अक्षरांना सावली मिळते आणि चक्क वाचता येतात!! कॅमेरा न हलवता वेगवेगळ्या दिशांनी लाईट टाकायचा, सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकत्र करायचे अशीपण पद्धत आहे, आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) म्हणतात, २००१ च्या संशोधनातून आलेली. काय भारी डोकं लावलंय!

एडिटिंगमध्ये मी लेव्हल्स आणि कॉन्ट्रास्ट, बास. शार्पनिंग जास्त केलं की नसलेल्या रेषा उगवतात, ते मला अजिबात पटत नाही. आणि फोटोसाठी नाणं घासू नका प्लीज. उद्या चांदीच्या नाण्यांचे फोटो घेणार, ती फार चमकतात म्हणून लाईटसमोर ट्रेसिंग पेपर लावतो.