टीम लीड झाले, पण टीम कुठे होती?

मला टीम लीड केलं ते माझा कोड चांगला होता म्हणून. माणसं सांभाळता येतील का, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. अकरा जण हाताखाली आले. पहिल्याच आठवड्यात मी फर्मान काढलं, की कुठलाही बदल माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही. दर सोमवारी तासभर मीटिंग. मी एकेकाचं नाव घेऊन विचारायची, "झालं का?" उत्तर यायचं, "होतंय." सगळं कसं शिस्तीत!

रात्री मात्र मी एकटीच रिव्ह्यू करत बसलेली असायची. त्यात अभिमानही होता, खोटं कशाला बोलू? माझ्यावाचून अडतंय याचं एक सुख असतं. ते सोडवत नाही.

आठव्या महिन्यात जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा होता. मध्यरात्री काम सुरू झालं आणि दोन तासांत कळलं की काही नोंदींच्या तारखा उलटसुलट झाल्यात, दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस. सगळं मागे घ्यावं लागलं. सकाळी कारण शोधताना लक्षात आलं की टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलाला ही गडबड तीन आठवड्यांपूर्वीच दिसली होती. त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सांगितलं का नाहीस? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही 'झालं का' एवढंच विचारता. माझा भाग झाला होता." आणि जरा थांबून, "मागच्या वेळी एकाने अडचण सांगितली तर तुम्ही ते काम त्याच्याकडून काढून स्वतःकडे घेतलंत."

खरं होतं. मला ती मदत वाटली होती. बघणाऱ्यांना ती शिक्षा वाटली.

त्यानंतर मी या विषयावरचं वाचायला लागले. पुष्कळसं वाचन फुकट गेलं, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीमकडून कमी चुका होतील अशी तिची अपेक्षा, पण आकडे निघाले उलटे. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. पुढे उलगडा झाला तो असा, की त्या टीम चुका जास्त करत नसाव्यात, त्या चुकांबद्दल उघड बोलत होत्या. दुसरीकडे चुका नोंदीपर्यंत पोहोचतच नव्हत्या. माझ्या सोमवारच्या यादीत आठ महिने एकही अडचण का नव्हती, ते मला तिथे समजलं.

मग मी प्रश्न बदलला. "झालं का?"ऐवजी "काय अडलंय?" पहिल्या दोन सोमवारी सगळे मूग गिळून बसले. तिसऱ्या सोमवारी मीच सुरुवात केली. डेटा हलवण्याआधी तालीम करायला हवी होती, ती वेळ वाचवायला मी रद्द केली होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं. जीभ जड झाली होती. त्या दिवशी दोन जण बोलले. अडचण सांगणाऱ्याचं काम काढून घ्यायचं नाही, हा नियम मी स्वतःवर घातला आणि पाळताना माझे हात अक्षरशः शिवशिवायचे.

दुसरा बदल आकाराचा. मला धरून बारा माणसं म्हणजे जोड्या 66. इतक्या वाटांनी निरोप जाणार, तो कुठेतरी हरवणारच. शिवाय मोठ्या घोळक्यात आपण ओढलं नाही तरी चालतंय असं प्रत्येकाला वाटतं. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला होता आणि 1913 साली ते प्रसिद्ध केलं. दोराला माणसं वाढत जातात तसा माणशी जोर कमी होतो. मी तीन गट केले, चार, चार आणि तीन. प्रत्येक गटाला कामाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण तुकडा दिला. आधी एकजण लिहायचा, दुसरा तपासायचा, तिसरा सिस्टिमवर चढवायचा, आणि बिघडलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायचे. ते बंद झालं. रिव्ह्यूही गटातच व्हायला लागले.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं, तर भांडणं सुरू झाली. दोन अनुभवी माणसांचं डिझाइनवरून इतकं वाजलं की ते एकमेकांशी फक्त लेखी बोलायला लागले. ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने 1965 साली गटाचे जे टप्पे मांडले, त्यात जमण्याच्या लगेच नंतरचा टप्पा वादळाचाच आहे. आमचं वादळ आठ महिने उशिरा आलं, कारण झाकणावर मी बसले होते. त्या दोघांना मी एकच सांगितलं. समोरच्याचं डिझाइन त्याला पटेल असं मांडून दाखवा, मग आपलं मांडा. एकाला ते जमलं. दुसऱ्याला जमलं नाही, पुढे तोच दुसऱ्या टीममध्ये गेला. त्याचं जाणं मी चार महिने टाळत होते. त्या चार महिन्यांची किंमत त्याच्या गटाने मोजली, हे मला आजही टोचतं.

दीड वर्षांनी मी आठ दिवस रजेवर गेले. त्या काळात एक बिघाड झाला आणि मला एकही फोन आला नाही. परत आल्यावर टेबलावर दीड पानाचं टिपण होतं. काय बिघडलं, कधी लक्षात आलं, कसं सावरलं. लिहिणारा तोच तारखांवाला मुलगा. कारणाच्या रकान्यात त्याने सरळ लिहिलं होतं, "सहा महिन्यांपूर्वीचा टीम लीडचा निर्णय", आणि पुढे तारीख.

कानशिलं तापली. दोनदा वाचलं. मग दुरुस्तीच्या रकान्यात कुणाचंच नाव नव्हतं, तिथे माझं घातलं.