टकटकटक : वेळणेश्वर ते दापोली, मध्ये दाभोळची फेरीबोट

दिवाळी आटोपली आणि आम्ही चौघं पुण्याहून निघालो. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर आणि पुढे वेळणेश्वर. गाडी दहा वर्षांची, पेट्रोल, हाताच्या गिअरची. वेळणेश्वरला दोन रात्री राहिलो. हेदवीचा दशभुज गणपती झाला, बामणघळही झाली. घळीला जायचं तर भरतीची वेळ विचारून जा, ओहोटीला नुसता खडक बघून परत यावं लागतं. गाडी दोन्ही रात्री किनाऱ्याजवळ, सुरूच्या झाडांखाली. सकाळी काचेवर बोट फिरवलं तर मिठाचा चिकट थर लागायचा.

निघायच्या दिवशी सेल्फ मारला तर इंजिन जरा आळसावल्यासारखं फिरलं आणि मग चालू झालं. तिथेच बॉनेट उघडायला हवं होतं. मी म्हटलं, थंडीमुळे असेल. नोव्हेंबरात, कोकणात!

दापोलीला जायला धोपाव्याहून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळला फेरीबोट आहे. नाहीतर चिपळूण-खेड असा मोठा वळसा. बोटीवर आम्ही पुढच्या रांगेत, मी त्यावर खूश. इंजिन बंद, हँडब्रेक वर, आई आणि लेक कठड्याशी. दाभोळ आलं, फळी खाली पडली, मी किल्ली फिरवली. टकटकटकटक. पुन्हा फिरवली. टकटकटक. मागून हॉर्न सुरू.

बोटीवरचा पोरगा काचेशी आला. "दादा, न्यूट्रल करा नि ब्रेक सोडा, बाकी आमच्यावर." चौघांनी चढावर ढकलत गाडी जेटीच्या कडेला लावली. धक्कास्टार्टला उतार झकास होता, फक्त तो सरळ खाडीत जाणारा.

माझं मन तोवर नव्या बॅटरीच्या खर्चाला लागलं होतं. पुण्याच्या मित्राला फोन केला, तो म्हणाला स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, गेला. तेवढ्यात मासळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आला. त्याचा पहिलाच प्रश्न : "एकदाच टक करते, का टकटकटक?"

सगळं उत्तर या प्रश्नात आहे. एकच दणकट 'टक' आणि दिवे जसेच्या तसे उजळ, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवर. भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड ओढला जातोय, पण स्टार्टरने करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. म्हणजे करंट पुरत नाही : एकतर बॅटरी उतरलीय, नाहीतर ती बरी असूनही करंट वाटेत अडतोय. त्याने हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगितलं. दिवे पार विझल्यासारखे झाले. मग त्याने बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना हात लावला आणि हसला. मायनसचं टर्मिनल चांगलंच गरम होतं. करंट अडतो तिथे तापतं. टर्मिनलला वायर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या बुडाशी बुरशीसारखी पांढरी-हिरवट पूड साचली होती आणि क्लॅम्प हाताने हलत होता.

पुढचं सामान जेटीवरच मिळालं. दहा नंबरचा पाना टेम्पोत होता. भजीच्या टपरीवर खायचा सोडा असतोच, आणि गरम पाणी. इंजिन आणि किल्ली बंद. आधी मायनस सोडायचा, मग प्लस. लावताना उलट, मायनस शेवटी. प्लस आधी सोडलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. सोडा-पाणी टर्मिनलवर थोडं थोडं टाकलं की फसफसतं, कारण ती पूड आम्लाची. ती हाताने खरवडून डोळे चोळू नका. पाणी फ्यूजच्या डब्याकडे जाऊ देऊ नका. माझा टूथब्रश त्यात गेला. पुसून कोरडं केलं, क्लॅम्प आवळला, वरून बायकोच्या पर्समधलं व्हॅसलीन फासलं. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. रेडिओ सगळी स्टेशनं विसरला, तेवढंच नुकसान. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत, भजी घेतली.

साफ करूनही टकटक राहिली तर जंप केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या वायरी. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कोकणात टेम्पोवाला थांबतो, पण केबल त्याच्याकडे असेलच असं नाही, म्हणून आपली बाळगा. सपाट रस्ता आणि हाताचे गिअर असतील तर धक्कास्टार्ट : किल्ली चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी ढकलायची, तिने वेग घेतला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिकवाल्यांना हा मार्ग बंद.

दापोलीत मीटर लावून घेतला : इंजिन बंद असताना १२.४ व्होल्ट, चालू असताना १४.१. बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती, पण ठीक होती, आणि चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा अल्टरनेटर ती भरत होता. चालू असताना साडेतेराच्या खाली दिसलं असतं तर अल्टरनेटरकडे बघावं लागलं असतं. नवी बॅटरी घेतली नाही.

मुरुड, हर्णै झालं. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका, पण गाडी किनाऱ्यापासून लांब लावा आणि वाळूत तर घालूच नका. मुक्कामी आतल्या बाजूला, घरांच्या आडोशाला लावली. रोज सकाळी बॉनेट उघडून क्लॅम्प हलवून बघायचो, अर्ध्या मिनिटाचं काम.

परतताना पुन्हा दाभोळ. तोच पोरगा तिकिटं बघत होता. गाडी ओळखली, आत वाकून म्हणाला, "आज चालू होतेय ना?" मी हो म्हटलं. तरी त्याने हात करून आम्हाला शेवटच्या रांगेत लावलं.