792 वर पुणे केंद्र: लूपची तिसरी नोंद, पंधरा वेढ्यांवरून अकरावर

मंडळी, मागच्या नोंदीत पंधरा वेढ्यांचा लूप (लाकडी पट्ट्यांवर तार गुंडाळून केलेला रेडिओचा अँटेना) दाखवला होता. आकाशवाणीचं पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर चांगलं लागत होतं, मुंबईचं 558 पण बरं येत होतं, पण सांगलीचं 1251 काही केल्या सापडेना. गँग (लूप हव्या त्या केंद्रावर जुळवणारा फिरता कपॅसिटर) पूर्ण उघडला तरी लूप 1000 च्या आसपास अडायचा. दोष वेढ्यांचाच होता. वेढे जास्त झाले की तारेचा इंडक्टन्स फार वाढतो, लूप खालच्या आकड्यांकडे ओढला जातो आणि वरच्या टोकासाठी गँगची कमीत कमी कपॅसिटन्सही पुरेशी कमी ठरत नाही. एकेक वेढा सोडत, दर वेळी डायल फिरवून बघत अकरावर आलो, तेव्हा सांगली आली. आता 85 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या ठोकल्यात, चौकोनाची बाजू 60 सेंटिमीटर, आणि गुंडाळलेली तार साडेसव्वीस मीटर. ट्रान्झिस्टरला एकही जोड दिलेला नाही. सेट लूपशेजारी ठेवला की आतल्या फेराईटच्या कांडीला (सेटच्या स्वतःच्या अँटेनाला) आपोआप सिग्नल मिळतो. गँग अर्ध्यावर आला की 792 भरून येतं. हात जवळ नेला तरी ट्यूनिंग सरकतं, म्हणून शाफ्टवर वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी बसवली आहे.

मी साताऱ्यात राहतो. पुणे केंद्राचा ट्रान्समीटर हडपसरला आहे, 100 किलोवॉटचा, इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. त्यामुळे दिवसभर जमिनीलगतच्या लहरींवरच ऐकू येतं, रात्रीची वाट बघावी लागत नाही. लूपची धार उत्तरेकडे केली की आवाज जास्तीत जास्त, काटकोनात वळवला की जवळजवळ नाहीसा. सांगली आणि मुंबई मात्र माझ्यासाठी एकाच रेषेवर पडतात, एक आग्नेयेला, एक वायव्येला. त्यामुळे लूप एकदा लावला की दोघांसाठी हलवावा लागत नाही. फक्त गँग फिरवायचा.

डिजिटल सेटवाल्यांनी एक तपासून घ्या. बाहेरून आणलेल्या काही सेटांत पायरी 10 किलोहर्ट्झची असते आणि मग 790 नंतर थेट 800 येतं. आपल्याकडची मध्यम लहरींवरची केंद्रं 9 च्या पटीत असतात (792 म्हणजे 88 नव्वे), तेव्हा पायरी 9 वर ठेवा.

आता खरी अडचण सांगतो. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मिळून 792 वर अशी घरघर आणतात की बोलणं कळतं, पण गाणं ऐकवत नाही. गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला लाइट गेली. सेट सेलवर चालू होता. घरघर तुटली आणि त्या शांततेत स्टुडिओतल्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू आला. पुढे 7 वाजून 5 मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या मी अंधारात बसून पूर्ण ऐकल्या. सिनपोच्या हिशोबात (सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्रांचा अडथळा, घरघर, चढउतार आणि एकूण दर्जा यांना क्रमाने 1 ते 5 गुण, 5 सर्वांत चांगला) लाइट असताना 45353 आणि गेल्यावर 45454. आकड्यांत फरक दोन ठिकाणी एकेकाचा दिसतो. कानाला तो फार मोठा आहे.

लूप वाळत होता (पट्ट्यांना वॉर्निश दिलं होतं) तेवढ्यात केंद्राच्या इतिहासाच्या टिपणांकडे वळलो. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. गीतरामायण इथलंच, 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून आठवड्याला एक अशी 56 गीतं. गदिमा आणि बाबूजींची ही कथा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. व्यंकटेश माडगूळकर या केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचं काम वर्षानुवर्षं बघत होते, हेही बहुतेकांना ठाऊक असेल.

मला जास्त ओढ लागली ती 1956 च्या रेडिओ फार्म फोरमची. कॅनडात शेतकऱ्यांचे गट रेडिओ ऐकून चर्चा करत, तो प्रकार युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुण्याहून करून पाहिला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत गट उभे केले. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे 20 कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं सेटभोवती बसायची, कार्यक्रम संपला की सेट बंद करून त्यावर बोलायची आणि काय करायचं ते ठरवायची. ठरलेलं आणि न सुटलेले प्रश्न लिहून केंद्राकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. म्हणजे गावाकडून स्टुडिओकडेही रस्ता होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि 1959 पासून हा उपक्रम देशभर नेला गेला. केंद्राच्या थोरवीत गीतरामायणाच्या शेजारी हे नाव घेतलंच पाहिजे असं मला वाटतं. नांगरट, खत, गुरांचे रोग यांवर चावडीत रात्री झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग कोण ठेवणार? म्हणून ते विसरलं गेलं.

त्या गटांत आमचा जिल्हा होता हे वाचल्यापासून 792 लावताना हात जरा जपून फिरतो. आमच्या आळीतले एक आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. गावातल्या बॅटरीवरच्या सेटला कोणी हात लावायचा नाही, तो लावायचा मान एकाच माणसाचा, एवढं त्यांना पक्कं आठवतं. कार्यक्रम कोणता ते नाही आठवत.

पुढचं काम: गँगला दोरी आणि चाक लावून सावकाश फिरणारी रचना करायची, जुन्या सेटांच्या डायलसारखी. मग रत्नागिरीचं 1143. ते नैर्ऋत्येला, म्हणजे सांगली-मुंबईच्या रेषेला जवळपास काटकोनात, फक्त 20 किलोवॉटचं, आणि मध्ये सह्याद्री. भरदुपारी ते लागतंय का हे बघायचंय. लूप अंगणात नेणार आहे, घरापासून आणि चार्जरपासून शक्य तितका लांब. कोणी कराड-पाटण भागातून दिवसा रत्नागिरी ऐकलं असेल तर वेळ आणि सिनपो कळवा. पुण्याचा रिसेप्शन रिपोर्ट (केंद्र कसं ऐकू आलं ते केंद्राला कळवणारं पत्र) लिहून झालाय, उद्या टपालात टाकतो.