तुम्ही विचारलंत म्हणून: एकादशी का सोडली?

"पोटाचंच दुखणं ना, मग उपवासाने आरामच पडेल की!" दर आषाढीला हे ऐकते. एकदा नीट सांगते.

मला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस आहे, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज. निरोगी स्वादुपिंड दिवसाला लिटर-दीड लिटर पाचक रस आतड्यात सोडतं. उपाशीपोटीही ते पुरतं थांबत नाही. दीड-दोन तासांनी थोडा रस सुटतोच. जेवणातली प्रथिनं आणि तूप-तेल लहान आतड्यात पोचलं की संप्रेरकांचा निरोप जातो आणि रस भरभरून येतो. माझ्याकडे निरोप येतो, पण द्यायला एन्झाइमच, म्हणजे रसातली अन्न पचवणारी द्रव्यंच, उरलेली नाहीत. उपाशी राहून ती साठत नाहीत. उलट एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. खाण्याची आबाळ लांबली तर ती बनणंही घटतं.

आणि आपला फराळ म्हणजे साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, वर तूप. स्टार्चला अमायलेज हे एन्झाइम हवं, तुपाला लायपेज. नसेल तर शौचाला तेलकट होतं आणि खाऊनपिऊन वजन उतरतं. म्हणून खाताना, घासांबरोबर, एन्झाइमची कॅप्सूल घ्यायची. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते.

कार्तिकीला घरी पंगत होती. मामंजी माळकरी. भगरीचे दोन घास झाल्यावर मी कॅप्सूल घेतली. चुलत नणंदेने डबी उचलली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. दाण्याची आमटी वाढणारा सासूबाईंचा हात तिथेच थांबला. "आजच्या दिवशी?" एवढंच म्हणाल्या. मामंजी पानावरून उठले, हात धुवायला गेले. कुणी ओरडलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. मी ताट सरकवलं. मग परत ओढलं, कारण कॅप्सूल पोटात गेली होती. भगर तोंडात फिरत राहिली, गिळवेना.

पहिल्या झटक्यात दवाखान्यात तोंडाने काही द्यायचं नाही म्हणाले होते, आणि कळा थांबल्या होत्या. आता झेपेल तसं लवकर खायला देतात, हे मला ठाऊक आहे. तरी तेव्हाचा तो आराम खोटा होता, असं माझ्याने म्हणवत नाही.

पुढे मामंजी म्हणाले, "माळ माझी, पोट तुझं." त्यांनी मला समजून घेतलं की बाजूला केलं, हे मला अजून कळलेलं नाही. येत्या आषाढीला मी जेवेन, कॅप्सूल घेईन आणि त्याला उपवास म्हणणार नाही. भजनाला मात्र बसणार. तिथून मला कुणी उठवू नये.