खान्देशातल्या जंगलात फॅशन पोर्ट्रेट: कवडशांचा आणि फ्लॅशचा हिशेब

झाडाखाली उभ्या माणसावर उजेड वरून येतो. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाखाली सावली उतरते आणि गालावर, पदरावर, बाहीवर कवडसे सांडतात. कवडसा आणि त्याच्या शेजारची सावली यांत सहज तीन-चार स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एवढा फरक चेहऱ्यावर आला की चांगल्यात चांगला कॅमेराही हात टेकतो. जंगलात फ्लॅश न्यायचा तो या वरून येणाऱ्या उजेडाला बाजूची दिशा देण्यासाठी. चेहरा नुसता उजळायचा असता तर थर्माकोलच्या तुकड्यानेही भागलं असतं.

इंटरनेटवरचे बहुतेक धडे बारमाही हिरव्या, दाट जंगलात शूट केलेले असतात. आपलं जंगल पानगळीचं: साग, अंजन, सालई, धावडा, पळस. पावसाळ्यात सागाची पानं सुपाएवढी होतात आणि खाली भरदुपारी अंधारून येतं. थंडीत तीच पानं राठ, पिवळट होतात, उजेड गाळून खाली येतो आणि कवडसे सर्वात जास्त याच दिवसांत त्रास देतात. फेब्रुवारी सरता सरता साग उघडा पडतो आणि मेपर्यंत त्याच्याखाली सावली म्हणावी असं काही नसतं. म्हणजे एकाच जागेला वर्षातून तीन वेगवेगळे हिशेब लागतात. कोणी सांगितलेले आकडे तसेच्या तसे उतरवून घेऊ नका. आधी महिना विचारा.

हिशेबाची सुरुवात फ्लॅश बंद ठेवून करायची. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२००. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सर्वात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० असतो. स्वस्त ट्रिगरबरोबर १/२५० ला फोटोच्या एका कडेला काळी पट्टी दिसू लागते, म्हणून १/२०० बरा. उघड्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ (हे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि १/१०० च्या आसपास उघडझाप (एक्स्पोजर) बरोबर येते. गर्द सावलीत उजेड त्याहून चार स्टॉपने कमी, म्हणजे एफ/२.८ ला १/२००. हाच आकडा धरून एफ/४ केलं की मागचं जंगल एक स्टॉप अंडर, म्हणजे गडद, जातं. आपल्याला तेवढंच हवं असतं: खोडं दिसतात, पण चेहऱ्याशी भांडत नाहीत. दीड स्टॉपच्या खाली मात्र जाऊ नका. जंगल काळं पडतं, मॉडेल चिकटवल्यासारखी दिसते, आणि एवढ्या लांब आल्याचं फोटोत काहीच उरत नाही. श्रावणात ढग असतील तर सावली आणखी दोन स्टॉपने खोल जाते. तेव्हा आयएसओ ४०० करा, शटर कमी करू नका. वाऱ्याने पानं हलतात आणि मंद शटरला मॉडेलच्या कडांभोवती भुतासारखी दुहेरी रेघ येते.

मागचा उजेड जमला की मग फ्लॅश. जंगलात दोनशे जूल ताकदीचा, बॅटरीवर चालणारा हेड (सुटा फ्लॅश), गोडॉक्स एडी२०० च्या जातीचा, सर्वात सोयीचा. एका चार्जवर फुल पॉवरचे सुमारे पाचशे झटके देतो आणि खांद्याच्या बॅगेत मावतो. त्याला ८० ते ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावा. मॉडेलपासून दीड मीटरवर, कॅमेऱ्याच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला, सॉफ्टबॉक्सचा मध्य तिच्या डोक्यापेक्षा फूटभर वर आणि तोंड किंचित खाली. गर्द सावलीत एफ/४ ला १/१६ पॉवरपासून सुरुवात करा. दोन-तीन फोटोंत आकडा सापडतो. उंची ठरवताना डोळ्यांत बघायचं: बुबुळात सॉफ्टबॉक्सची चमक घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी असावी. चमक बाराच्या जागी गेली तर फ्लॅश फार वर आहे आणि झाडाचाच दोष आपण पुन्हा करतो आहोत.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं, जंगलात भरवशाचं नाही. काळ्या खोडांच्या पार्श्वभूमीवर ते जास्त झटका मारतं, पांढऱ्या घागऱ्यावर कमी. दोन पावलं इकडेतिकडे झालं की प्रत्येक फोटोची उघडझाप वेगळी. मॅन्युअल पॉवर ठेवा आणि अंतर सांभाळा. दीड मीटरवरून सॉफ्टबॉक्स सव्वादोन मीटरवर सरकला की उजेड एका स्टॉपहून जास्त पडतो. स्टँडला सुतळी बांधून तिला दीड मीटरवर गाठ मारली की असिस्टंटला पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही.

पूर्ण उंचीचा फोटो मात्र वेगळं प्रकरण आहे. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, फुल फ्रेमवर, माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभ्या चौकटीत बसवायला साधारण पाच मीटर मागे जावं लागतं. सॉफ्टबॉक्स चौकटीबाहेर काढता काढता तीन मीटरवर जातो. अंतर दुप्पट म्हणजे उजेड पाव. १/१६ चा आकडा १/४ वर येतो, सॉफ्टबॉक्स मॉडेलच्या मानाने लहान झाल्याने सावल्याही कडक होतात. कपडा दाखवायचा असल्याने हा फोटो टाळता येत नाही. मग पायाकडचा अंधार झाकायला सॉफ्टबॉक्स थोडा खाली उतरवा आणि त्याचं तोंड कंबरेकडे करा. चेहऱ्याला त्याच्या वरच्या कडेचा उजेड पुरतो.

दुसरा फ्लॅश मागून. साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) चालतो: तीन मीटर मागे, झूम १०५ वर, १/३२ पॉवर, त्यावर अर्ध्या ताकदीची सीटीओ, म्हणजे नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी). केसांना आणि खांद्याला संध्याकाळच्या उन्हासारखी कड येते. हा फ्लॅश खोडाआड लपवावा लागतो, आणि लागवडीच्या सागाची खोडं स्टँड झाकण्याइतकी जाड नसतात. जुना मोह किंवा अंजन शोधा, नाहीतर स्टँड जमिनीलगत बसवून हेड वर वळवा. लेन्सवर हूड हवाच. ग्रिड (झोत आवरणारी जाळी) नसेल तर फ्लॅशच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी लावा, नाहीतर सगळा फोटो दुधाळ होतो.

आता ऊन. मार्चनंतर किंवा कुठल्याही मोकळ्या जागी एफ/४ ला उन्हातली बरोबर उघडझाप १/१६०० येते. सिंकच्या तीन स्टॉप वर. इथे दोन वाटा आहेत. एचएसएस (सिंकपेक्षा वेगवान शटरला फ्लॅश चालवणारा मोड) लावला तर शटर हवं तेवढं चढतं, पण त्या मोडमध्ये शिरतानाच फ्लॅशची ताकद जवळजवळ दोन स्टॉपने घटते आणि पुढे शटरच्या प्रत्येक स्टॉपला आणखी घटत जाते. शिवाय हेड लवकर तापतो. दुसरी वाट एनडी८ फिल्टरची, म्हणजे लेन्सवरच्या काळपट काचेची: तीन स्टॉप कापतो आणि शटर १/२०० वर राहतो. फिल्टर फ्लॅशचाही उजेड कापतो, पण दोघांचं प्रमाण बिघडत नाही. ही वाट मला जास्त पटते, कारण बॅटरी टिकते. दीड मीटरवरून दोनशे जूलचा हेड अर्ध्या ते फुल पॉवरवर उन्हाशी बरोबरी करतो. पूर्ण उंचीचा फोटो उन्हात हवा असेल तर तो पुरत नाही. चारशे-सहाशे जूलचा हेड आणा किंवा मॉडेल सावलीच्या कडेला घ्या. फुल पॉवरला या छोट्या हेडचा झटका सुमारे १/२२० सेकंद चालतो, म्हणजे सिंकच्या टोकाला त्याची शेपटी कापली जाते. अर्ध्या पॉवरला ही अडचण येत नाही.

कवडसे चेहऱ्यावर आले तर फ्लॅशने ते मिटत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. कवडशावर फ्लॅशचा उजेड चढतो आणि डाग आणखी पांढरा होतो. पाच-इन-वन रिफ्लेक्टरचा आतला पांढरा पडदा असिस्टंटने मॉडेलच्या डोक्यावर धरायचा, की कवडसे विरघळतात. मग फ्लॅशने चेहरा घडवायचा. जमिनीवरचे आणि मागच्या झाडांवरचे कवडसे तसेच राहू द्या, फोटोला जंगल तेच देतात.

रंगाकडे बहुतेक जण घरी गेल्यावर बघतात, तोवर उशीर झालेला असतो. पावसाळ्यात गवत आणि पानं यांतून आलेला उजेड हिरवा असतो, फ्लॅश मात्र ५६०० केल्विनच्या दिवसासारखा. चेहऱ्याची फ्लॅशकडची बाजू गव्हाळ आणि सावलीकडची शेवाळी होते. एडिटिंगमध्ये एक सुधारली की दुसरी जांभळी पडते. उपाय उलटा वाटतो, पण तोच चालतो: फ्लॅशवर पाव ताकदीची प्लस-ग्रीन जेल लावा, म्हणजे दोन्ही उजेड एका जातीचे होतात, आणि मग व्हाइट बॅलन्सची टिंट मॅजेंटाकडे सरकवा. पहिल्या फोटोत मॉडेलच्या हातात ग्रे कार्ड द्या. कोरड्या दिवसांत ही जेल नको. तेव्हा खालच्या वाळक्या पानांतून पिवळा-तपकिरी उजेड वर येतो आणि तो त्वचेला शोभतो. ओल्या पानांची पांढरी चकाकी मारायला सीपीएल (पोलरायझर) फिल्टर लावा. तो दीड स्टॉप खातो आणि हिरवा रंग भरून येतो. पण पूर्ण फिरवू नका, गालावरची जिवंत चमकही तो पुसतो.

कपड्यांबद्दल इथल्या झाडाझुडपांना विचारात घ्यावंच लागतं. सागाचं कोवळं पान चुरगळलं की लाल रंग सुटतो. पांढरा किंवा फिकट कपडा असेल तर पावसाळ्यात कोवळ्या फांद्यांना हात लावून पोझ देऊ नका. पावसाळा सरला की कुसळी गवत तयार होतं. नेट, शिफॉन, जॉर्जेट यांत कुसळं आत शिरतात आणि ओढली की धागा निघतो. चिमट्याने ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने काढायचं. थंडीत खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. मखमली, तांबूस, बघायला सुंदर, म्हणून एखादी मॉडेल हातात घेते. त्या लवेने उघड्या त्वचेला आग-खाज सुटते आणि शूट तिथेच संपतं. जागा आदल्या दिवशी पाहून ठेवा, वेल वर चढलेला असला तरी खाली शेंगा पडलेल्या असतात. जरीकाठ आणि चांदीचे जाड दागिने आरशासारखे वागतात: गळ्यातल्या हासळीत अख्खा सॉफ्टबॉक्स दिसतो. सॉफ्टबॉक्स मॉडेलच्या आणखी बाजूला न्या किंवा दागिना दोन बोटं फिरवा, पॉवर कमी करून ती चमक जात नाही.

जंगल नको असेल तर रावेर-यावलकडची केळीची बाग हा माझा आवडता पर्याय आहे. मालकाला आधी विचारा. पानामागे हातभर अंतरावर स्पीडलाइट १/३२ वर ठेवला की पान आतून पेटतं, शिरा मोजता येतात आणि पुढे उभ्या मॉडेलच्या मागे हिरवी काच उभी राहते. पाच बाय पाच फुटांची लागवड असेल तर मोठा सॉफ्टबॉक्स ओळीत अडकतो, ६० सेंटिमीटरचा घ्या आणि पाच मीटरचं अंतर ओळीच्या लांबीत काढा. स्टँडचा पाय ठिबकच्या नळीवर पडू देऊ नका. आणि केळीचा चीक कपड्याला लागला की तो काळा डाग जन्मभर जात नाही. कापलेली, ताजी तुटलेली पानं असलेल्या ओळीत महागडा लेहंगा नेऊच नये.

जागेची दिशाही हिशेबात घ्या. पाटणादेवी डोंगराच्या उत्तर पायथ्याला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तो कड्याआड लवकर जातो आणि उजेड निळा पडतो. सूर्यास्त सहाच्या आत असला तरी तिथे तुमची संध्याकाळ त्याच्या बरीच आधी संपते. मनुदेवी-पालकडे सातपुड्याचे उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यांना थंडीत दुपारभर ऊन मिळतं. तोरणमाळला वारा धरून चला: सॉफ्टबॉक्स शिडासारखा भरतो, पाचेक किलो वजन स्टँडच्या सर्वात उंच पायावर टांगा. नाल्यातली वाळू आणि रिकामी पिशवी पुरते. छत्री तर तिथे नेऊच नका.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा सकाळी नऊच्या आत काम आटपा. लिथियमच्या बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. हेडने तापल्याची खूण दाखवली की बंद करून दहा मिनिटं थांबा. लगेच पुन्हा झटके मारले तर ट्यूब जाते. पावसाळ्यात सर थांबली तरी सागाची पानं बराच वेळ ठिबकत राहतात. हेडवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तोंड उघडं ठेवून. आत कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट असतात, ओल्या हाताने बॅटरी बदलू नका.

परवानगीचं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत, पाटणादेवीचा परिसर गौताळ्यातच येतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. वन विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या आणि त्यात तारीख, वेळ, नेमकी जागा, माणसं, गाड्या, फ्लॅश आणि स्टँडची संख्या लिहा. रंगीत धुराच्या नळकांड्या, ज्या प्री-वेडिंगवाले सर्रास पेटवतात, त्या बॅगेतही नकोत. राखीव जंगलात विस्तव नेणं भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि फेब्रुवारी ते जून सागाखाली वाळक्या पानांचा जाड थर असतो. धुकं हवंच असेल तर ऑगस्टात पहाटे तोरणमाळला यशवंत तलावाकाठी जा. तिथे धुक्यात मागचा स्पीडलाइट १/१६ वर नेला की तो झोत हवेतच दिसतो. फक्त समोरचा सॉफ्टबॉक्स मॉडेलपासून मीटरभरावर आणा, नाहीतर मधलं धुकंच उजळतं आणि चेहरा त्याच्यामागे राहतो.